पाणी कुणी ओतायचं? गोव्यातल्या बाप्तिस्मा-सेवेचं परीक्षण

हॉल, केक, बँड आणि सोरपोतेल यांबद्दल इथे काही नाही. ते सांगणारे गोव्यात पुष्कळ आहेत. इथे तपासली आहे ती मूळ सेवा: बाळाच्या डोक्यावर पाणी ओतणारा माणूस कोण, त्याला तो अधिकार कुठून मिळतो, काय केलं की काम पक्कं होतं आणि कुठल्या एका शब्दाने सगळा समारंभ फोटोंसकट फुकट जातो. सावंतवाडी, कोल्हापूर, वसईकडून येऊन म्हापसा-वास्को-मडगावात स्थिरावलेली मराठी ख्रिस्ती घरं, मिश्र विवाहातली जोडपी आणि इस्पितळात काम करणाऱ्या, स्वतः ख्रिस्ती नसलेल्या परिचारिका, या तिघांना हे उपयोगी पडावं. परिचारिका या यादीत का, ते पुढे कळेल.

नेहमीचं दार म्हणजे इगर्ज, आपल्या भागातलं कॅथलिक चर्च. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या कॅनन संहितेत, म्हणजे कायद्याच्या पुस्तकात (कॅनन म्हणजे त्यातलं कलम), बाप्तिस्म्याचे नेहमीचे सेवक तीनच सांगितले आहेत: बिशप, धर्मगुरू आणि डीकन, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक (कॅनन 861). व्यवहारात बाळाचे आईवडील ज्या इगर्जीच्या हद्दीत राहतात तिथले विगार, म्हणजे मुख्य धर्मगुरू, किंवा त्यांचे साहाय्यक फादर. राशोलच्या सेमिनरीत शिकणारे तरुण पुरोहित-दीक्षेच्या आधी काही काळ डीकन असतात. एखाद्या रविवारी असा डीकन पुढे आला तर 'हा अजून पुरता पाद्री झालेला नाही' म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. त्याचा बाप्तिस्मा बिशपच्या बाप्तिस्म्याइतकाच पूर्ण असतो, तेलासकट. उलट कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर कितीही ज्येष्ठ असल्या तरी त्या नेहमीच्या सेवकांत मोडत नाहीत. धर्मगुरू मिळेनासे झाले तर बिशप एखाद्या सिस्टरला किंवा धर्मशिक्षकाला नेमू शकतात. ती नेमणूक नसेल तर त्या तुमच्या-आमच्यासारख्याच.

गोव्यात घराण्यात एखादा पाद्री असतोच, त्यामुळे 'आमचे मामा-फादर येऊन करतील' हा हट्ट नेहमीचा. कॅनन 862 सांगतो की दुसऱ्याच्या हद्दीत परवानगीशिवाय बाप्तिस्मा द्यायचा नाही, आपल्या इगर्जीच्या माणसालासुद्धा नाही. म्हणून मामांनी विगारांना आधी विचारायचं. बहुतेक वेळा एका फोनवर काम होतं. पण मामांनी न विचारता केलाच, तर काय? बाप्तिस्मा झाला, रीतीने मात्र झाला नाही. हा भेद नीट पकडला की पुढचं सगळं सोपं जातं: एक 'झाला का' आणि दुसरा 'रीतीने झाला का'. पहिल्याचं उत्तर पाणी, शब्द आणि हेतू देतात, दुसऱ्याचं उत्तर कायदा देतो. गोव्यातली सगळी गडबड हे दोन प्रश्न एकमेकांत कालवल्याने होते.

कागद ठरलेले असतात. बाळाचा जन्मदाखला, आईवडिलांच्या चर्चमधल्या लग्नाचा दाखला, धर्ममाता-धर्मपित्यांच्या त्यांच्या त्यांच्या इगर्जीचं पत्र. आईवडिलांसाठी तयारीचा वर्ग असतो. तो चुकवण्यासाठी लोक जेवढी खटपट करतात तेवढ्या वेळात वर्ग होऊन जातो. बाप्तिस्मा जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत व्हावा असं कायदा म्हणतो. आखातातला बाप सुटीवर येईपर्यंत, मग मावशी लंडनहून येईपर्यंत, मग हॉल मिळेपर्यंत थांबणारी घरं या नियमाला वर्षभर ताणतात. पैशांचं म्हणाल तर चर्चच्या अधिकाऱ्यांनी ठरवलेल्या दानापलीकडे सेवकाने काही मागायचं नाही आणि गरिबाला पैशांअभावी परत पाठवायचं नाही, असं कॅनन 848 मध्येच आहे. वेगळा दर कुणी सांगितला तर पावती मागावी.

घरी येऊन करा, रिसॉर्टच्या हिरवळीवर करा, समुद्रावर करा, या मागण्यांना कॅथलिक दारात उत्तर 'नाही' असंच मिळतं आणि ते योग्य आहे. जागा इगर्ज, खाजगी घर फक्त गरजेपुरतं, तेही कॅनन 860 च्या चौकटीत. पुण्या-मुंबईहून येऊन जुन्या गोव्यातल्या भव्य वास्तूत बाप्तिस्मा करायची इच्छा असेल तर आधी आपल्या इगर्जीचं परवानगीपत्र, मग तिथल्या चर्चची संमती. हॉटेलचं आरक्षण त्यानंतर. जाणारच असाल तर से कॅथेड्रलमधलं बाप्तिस्म्याचं कुंड बघून या. कुंड 1532 चं आणि इमारतीचं काम सुरू झालं 1562 साली, म्हणजे वास्तूपेक्षा कुंड तीस वर्षांनी थोरलं. 1542 मध्ये गोव्यात आलेल्या फ्रान्सिस झेवियरने याच कुंडातून बाप्तिस्मे दिल्याचं सांगतात.

विधीचा क्रम साधारण असा. दाराशी स्वागत आणि बाळाचं नाव विचारणं, कपाळावर क्रूसाची खूण, वाचन, छातीला दीक्षार्थींचं तेल, पाण्याला आशीर्वाद, सैतानाचा त्याग आणि श्रद्धेची कबुली, मग पाणी, मग टाळूला क्रिझम म्हणजे सुगंधी पवित्र तेल, पांढरं वस्त्र, पाश्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली छोटी मेणबत्ती. फोटोवाले छातीच्या तेलाला आणि टाळूच्या तेलाला सारखंच धावतात. बाप्तिस्मा मात्र फक्त पाण्याच्या क्षणी होतो. बाकीचं सगळं सुंदर आहे, अर्थपूर्ण आहे, आणि गाळलं गेलं तर नंतर भरून काढता येतं. पाणी आणि शब्द नंतर भरून काढता येत नाहीत.

पाणी आणि शब्द

पाणी खरं पाणी हवं. नळाचं, विहिरीचं, झऱ्याचं, पावसाचं, मांडवीचं, समुद्राचं, बाटलीतलं, सगळं चालतं. नेहमीच्या विधीत ते आशीर्वादित हवं, अडीअडचणीला कुठलंही. नारळपाणी चालत नाही, दूध चालत नाही, तेल चालत नाही, आणि उर्राक ही काजूची दारू कितीही पातळ असली तरी ती पाणी नव्हे. चहासारख्या गोष्टींवर जुन्या शास्त्र्यांनी पुष्कळ वाद घातले आहेत. वाटीभर साधं पाणी मिळत असताना त्यात शिरायची गरज नाही.

पाणी वाहिलं पाहिजे. नियम एवढाच, पण चुका सगळ्यात जास्त इथेच होतात. ओल्या बोटाने कपाळ पुसलं, कापूस टेकवला, गुलाबपाण्यासारखं शिंपडलं की शंका उभी राहते. दाट जावळ असेल आणि पाणी केसांवरूनच ओघळून गेलं, कातडीला लागलंच नाही, तरी शंका. टोपी किंवा लेसच्या हेअरबँडवर ओतलं तर विचारूच नका. बाळाला कुंडावर किंचित आडवं, डोकं थोडं खाली धरायचं आणि कपाळाच्या वरच्या भागावरून मागे पाणी सोडायचं. तीन वेळा मिळून शंभर मिलिलिटर, म्हणजे एक लहान वाटी, भरपूर झाली. तीनदा ओतणं ही रीत आहे. एकदाच ओतलं गेलं तरी बाप्तिस्मा होतो. बुडवूनही देता येतो, कायद्यात दोन्ही पद्धती आहेत, पण गोव्यातल्या बहुतेक कुंडांचा आकार बघता ओतणंच बरं. पाणी कोमट ठेवायला सांगायला लाजू नका. जानेवारीच्या सकाळी दगडी कुंडातलं पाणी बाळाला झोंबतं, बाळ किंचाळतं आणि त्या गोंधळात शब्द ऐकू येत नाहीत.

शब्द मराठीत असे: 'मी तुझा बाप्तिस्मा करतो, पित्याच्या, आणि पुत्राच्या, आणि पवित्र आत्म्याच्या नावाने.' बाई बोलत असेल तर 'करते'. त्याने काही बिघडत नाही. बाळाचं नाव आधी घ्यायची रीत आहे; विसरलं तरी चालतं. विसरून चालत नाही ते 'मी', 'तुझा', बाप्तिस्मा करण्याची क्रिया आणि तिघांची नावं.

इथे मराठी माणसाला एक खास धोका आहे. आपण विनयाने स्वतःला 'आम्ही' म्हणतो. सगळं कुटुंब जमलं की 'आम्ही सगळे मिळून' म्हणायचा मोहही होतो. बाप्तिस्म्यात हा विनय नडतो. 6 ऑगस्ट 2020 ला व्हॅटिकनच्या श्रद्धा-सिद्धान्त मंडळाने स्पष्ट उत्तर दिलं: 'आम्ही तुझा बाप्तिस्मा करतो' असं म्हटलं तर बाप्तिस्मा झालेला नाही, आणि तो पुन्हा, कुठल्याही अटीशिवाय द्यायचा. यानंतर अमेरिकेत डेट्रॉइटमधल्या एका धर्मगुरूच्या ध्यानात आलं की लहानपणी आपल्या बाप्तिस्म्याच्या वेळी हेच 'आम्ही' वापरलं गेलं होतं. बाप्तिस्मा नाही म्हणून पुरोहित-दीक्षा नाही, आणि म्हणून त्याने दिलेले कित्येक संस्कारही वैध नाहीत. 2022 मध्ये फिनिक्समध्ये असाच प्रकार उघड झाला. कारण असं की चर्चच्या समजुतीप्रमाणे बाप्तिस्मा ख्रिस्त देतो आणि सेवक त्याच्या वतीने 'मी' म्हणतो. जमलेली मंडळी त्या 'मी'ची मालक नाहीत.

त्याच न्यायाने मोठ्या माणसाचा बाप्तिस्मा असला तरी आदराने 'तुमचा' करू नये, 'तुझा'च म्हणावं. 'नावाने' एकवचनीच ठेवावं, 'नावांनी' नको. 2008 मध्ये त्याच मंडळाने आणखी एक नवं वाक्य बाद केलं: पिता, पुत्र, आत्मा यांच्याऐवजी 'निर्माता, तारणारा, पावन करणारा'. नेटवर सुंदर वाटणारे असे पर्याय फिरत असतात, त्यांच्या नादी लागू नये.

उच्चाराची मात्र धास्ती नको. आठव्या शतकात बव्हेरियातल्या एका पाद्रीचं लॅटिन इतकं कच्चं होतं की त्याने व्याकरणाचा बोजवारा उडवून बाप्तिस्मे दिले. पोप झकारियास यांनी 746 साली ते वैध ठरवले, कारण चूक अज्ञानाची होती, श्रद्धा बदलण्याची नव्हती. कोकणीतून, मराठीतून, तोतरेपणाने, रडत रडत म्हटलेले शब्दही चालतात.

आणखी दोन अटी. ओतणारा आणि बोलणारा एकच माणूस हवा. फादरनी शब्द म्हणायचे आणि आजीने पाणी घालायचं ही प्रेमळ वाटणी बाप्तिस्मा मोडते. आणि स्वतःचा बाप्तिस्मा स्वतः करता येत नाही. मरणाच्या दारात एका यहुदी माणसाने तसं केलं होतं, त्यावर पोप तिसरे इनोसंट यांनी 1206 मध्ये उत्तर दिलं की ओतणारा आणि घेणारा वेगवेगळे असले पाहिजेत.

फादर नसतील तेव्हा

आता परिचारिकांकडे येऊ. जिवाला धोका असेल आणि नेहमीचा सेवक वेळेत मिळत नसेल तर कुणीही माणूस बाप्तिस्मा देऊ शकतो. पुरुष, बाई, कॅथलिक, प्रोटेस्टंट, हिंदू, मुसलमान, काहीच न मानणारा. 1439 च्या फ्लॉरेन्स परिषदेने हे शब्दात मांडलं आणि आजच्या संहितेतही तेच आहे. अट हेतूची: चर्च जे करतं तेच मी करते आहे, एवढं मनात हवं. तिची स्वतःची श्रद्धा तपासली जात नाही. म्हणजे बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, रात्री तीन वाजता एखाद्या हिंदू परिचारिकेने आईच्या सांगण्यावरून नीट पाणी ओतून नीट शब्द म्हटले तर तो बाप्तिस्मा पक्का, आणि कॅथेड्रलमध्ये घंटा-धूपासह एखाद्या बिशपने 'आम्ही' म्हटलं तर तो कच्चा. ज्यांना हे विचित्र वाटतं त्यांनी तिसऱ्या शतकातला कार्थेजच्या सिप्रियन आणि पोप स्टीफन यांच्यातला वाद आठवावा. पाखंडी हातांनी दिलेला बाप्तिस्मा चालतो का, यावरच तो होता, आणि चर्चने शेवटी 'चालतो' ही बाजू धरली.

करायचं असं. आधी आई किंवा वडिलांची संमती. फादर पंधरा मिनिटांत पोचत असतील आणि डॉक्टर तेवढा वेळ आहे म्हणत असतील तर थांबायचं. नसेल तर इन्क्युबेटरमधल्या बाळासाठी वॉर्डातलं निर्जंतुक पाणी शरीराच्या उष्णतेइतकं कोमट करायचं, सुई नसलेल्या सिरिंजमध्ये पाच मिलिलिटर घ्यायचं आणि डोक्याच्या उघड्या कातडीवर, नळ्या आणि चिकटपट्ट्या टाळून, धार सोडायची. सलाईनची बाटली हाताशी असली तरी साधं पाणीच घ्यावं. धार वाहत असतानाच शब्द म्हणायचे. लगेच टिपून घ्यायचं, ओलं डोकं अपुऱ्या दिवसांच्या बाळाला गारठवतं. डोक्यापर्यंत पोचताच येत नसेल तर छातीवर किंवा पाठीवर ओता. बाळ वाचलं तर पुढे फादरना नेमकं कुठे ओतलं ते सांगा, गरज वाटली तर ते सशर्त, म्हणजे 'आधी झाला नसेल तर' असं म्हणून, बाप्तिस्मा देतील. शक्यतो एक साक्षीदार बाजूला हवा. कागदावर तारीख, वेळ, बाळाचं नाव, ओतणाऱ्याचं आणि साक्षीदाराचं नाव तिथल्या तिथे लिहा. तेल, मेणबत्ती, पांढरं वस्त्र यांतलं काहीही लागत नाही, आणि सामान्य माणसाने तेल लावायचंही नसतं.

1917 च्या जुन्या संहितेत या प्रसंगाचा मानपानही होता. धर्मगुरू असेल तर डीकनने पुढे होऊ नये, पुरुष असेल तर बाईने होऊ नये. पण लाजेचा प्रश्न असेल किंवा बाईला रीत जास्त ठाऊक असेल तर बाईनेच. सुइणींचा अनुभव त्या कायद्याला ठाऊक होता असं दिसतं. आईवडिलांनी दुसरं कुणीच नसेल तरच करावं, असंही होतं. पौर्वात्य चर्चच्या संहितेत आईवडिलांचा क्रम अजूनही शेवटचाच आहे, आणि गोव्यातल्या सिरो-मलबार (केरळच्या पौर्वात्य कॅथलिक परंपरेतल्या) कुटुंबांना ती संहिता लागू होते. त्यांच्यात डीकनसुद्धा नेहमीचा सेवक नाही, धर्मगुरूच.

जीव गेल्यावर बाप्तिस्मा देत नाहीत. जीव आहे की गेला अशी शंका असेल तर 'तू जिवंत असशील तर' म्हणून सशर्त देतात. आणि बाप्तिस्म्याआधीच बाळ गेलं तर? आईवडिलांच्या मनात बाप्तिस्मा द्यायचं असेल तर बिशपच्या परवानगीने चर्चमधला अंत्यविधी होऊ शकतो (कॅनन 1183). हे विगारांकडून आवर्जून विचारून घ्यावं. शोकातल्या घराला आपण होऊन कुणी सांगेलच असं नाही.

दुसऱ्याच्या मुलाला आईवडिलांच्या इच्छेविरुद्ध बाप्तिस्मा देणं, मरणाचा धोका असेल तर, कॅनन 868 रीतसर मानतो. परीक्षणकर्त्यांचा सल्ला साफ आहे: करू नका. 1858 मध्ये बोलोन्यात एदगार्दो मोर्तारा या यहुदी मुलाला पोपच्या पोलिसांनी आईवडिलांपासून तोडून नेलं, कारण घरातल्या मोलकरणीने तो आजारी असताना गुपचूप त्याचा बाप्तिस्मा केला होता. गोव्याला तर याहून जवळची आठवण आहे. 1559 मध्ये पोर्तुगीज राजाच्या हुकमाने हिंदू अनाथ मुलं ताब्यात घेऊन त्यांना ख्रिस्ती करण्याची सोय झाली होती. ज्या भूमीत हे घडलं तिथे इस्पितळातल्या कुणीही न विचारता ओंजळ उचलू नये. मोठ्या माणसांच्या बाबतीत तर कायदाही पक्का आहे: स्वतःची इच्छा आणि पुरेशी तयारी हवी, आणि चौदा वर्षांपुढच्यांचा बाप्तिस्मा आधी बिशपच्या कानावर घालायचा.

सौम्य पण जास्त नेहमीचा प्रकार आजीचा. मुलगा-सून धर्म पाळत नाहीत, नातवाला न्हाऊ घालताना आजी मोरीतच शब्द म्हणून मोकळी होते. धोका नव्हता, संमती नव्हती, म्हणून रीतीने नाही. पण पाणी, शब्द, हेतू नीट असतील तर झाला. पुढे सून स्वतःहून इगर्जीत आली की पेच सुरू. बाप्तिस्मा दोनदा देता येत नाही, आणि आजीला शब्द नक्की आठवत नाहीत. अशा वेळी चौकशी होते आणि शंका उरलीच तर सशर्त बाप्तिस्मा: 'तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर मी…' आजींनो, करायचंच असेल तर निदान लिहून ठेवा.

या सेवेतली सगळ्यात मोठी उणीव इथेच आहे. कॅनन 861 विगारांवरच जबाबदारी टाकतो की लोकांना बाप्तिस्मा देण्याची बरोबर रीत शिकवावी. तयारीच्या वर्गात धर्ममातेचे गुण, पोशाख, मेणबत्ती यांवर वेळ जातो. पाणी कसं ओतायचं हे दहा मिनिटांत दाखवता येतं, एक बाहुली आणि एक तांब्या पुरतो, पण ते मागे पडतं. विधी आणि कागदपत्रं यांना पाचपैकी साडेचार द्यावेत, या शिकवणीला दोन.

दुसरी दारं

मराठी प्रोटेस्टंट कुटुंबं बहुधा चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. हे चर्च 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात निरनिराळी चर्चेस एकत्र येऊन झालं. तिथे दीक्षित पाळक बाप्तिस्मा देतात, लहान मुलांनाही. पाणी आणि त्रैक्याचे शब्द असल्याने कॅथलिक चर्च तो मानतं. मिश्र लग्न ठरलं तर पुन्हा बाप्तिस्मा लागत नाही, दाखला लागतो. कुणी 'आमच्याकडे परत घ्या' म्हणालं तर नम्रपणे दाखला पुढे करा. ऑर्थोडॉक्स सेवक 'मी' म्हणतच नाहीत. 'देवाच्या या सेवकाचा बाप्तिस्मा होत आहे' अशी त्यांची जुनी रचना आहे, आणि तीही मान्य आहे. बाप्टिस्ट, ब्रदरन, पेंटेकोस्टल मंडळ्या बाळांना देत नाहीत; समजत्या माणसाला, पूर्ण बुडवून. ओतण्या-बुडवण्याने वैधता बदलत नाही, शब्दांनी बदलते. ज्या मंडळ्या फक्त 'येशूच्या नावाने' देतात त्यांचा कॅथलिक चर्च मानत नाही. मॉर्मन मंडळाचा मानत नाही, असं 2001 मध्ये जाहीर झालं. साल्व्हेशन आर्मीत बाप्तिस्माच नाही, तेव्हा तिथला दाखला शोधत बसू नका.

समुद्रात बुडवून देणाऱ्या मंडळ्यांना एकच सूचना. पावसाळ्याचे चार महिने गोव्याचा समुद्र टाळा, जीवरक्षकांचे लाल झेंडे पाळकांनाही लागू आहेत. भरती-ओहोटी बघून, कमरेइतक्या पाण्यात, लाटेकडे पाठ न करता उभं राहावं. दोघांनी धरावं, शब्द म्हणणाऱ्याने हात सोडू नये.

पेटी आणि पादीन-मादीन

बाजारात मिळणाऱ्या बाप्तिस्मा-पेटीत मेणबत्ती, पाणी ओतायचा शिंपला, रुमाल, पांढरी शाल आणि कधी तीर्थाची बाटली असते. मेणबत्ती आणि शाल घ्या. शिंपला इगर्जीत असतो. रिबन आणि कागदी फुलं वातीपासून चार बोटं खाली नसतील तर काढून टाका, पंख्याखाली ती पेट घेतात. पोशाख पुढून उघडणारा हवा. गळाबंद रेशमी झग्यात छातीला तेल लावताना फादर, आई आणि बाळ तिघे घामाघूम होतात. मे महिन्यात मलमल. क्रिझम तेलकट असतं, डाग भांड्यांच्या साबणाने निघतो.

धर्ममाता-धर्मपिता, गोव्यातले मादीन-पादीन, बाप्तिस्मा देत नाहीत. हा गैरसमज अजून आढळतो. एक असला तरी चालतो. दोन असतील तर एक पुरुष, एक बाई. सोळा वर्षं पूर्ण, दृढीकरण (बाप्तिस्म्याची पुष्टी करणारा संस्कार) झालेले कॅथलिक, बाळाचे आईवडील नव्हेत. प्रोटेस्टंट मित्र कॅथलिक पादीन किंवा मादीनच्या जोडीने साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो. हिंदू मित्राला ते स्थान नाही, आणि गोव्यात ही गोष्ट मनाला लागते. ज्याला अडचणीत बाप्तिस्मा देता येतो त्याला पादीन होता येत नाही, हे कोडं वाटतं खरं. पण ओतणं ही क्षणाची कृती आहे आणि पादीनपण ही त्या श्रद्धेत वाढवण्याची पुढच्या वर्षांची जबाबदारी. दुबईतला पादीन येऊ शकत नसेल तर त्याच्या वतीने कुणी प्रत्यक्ष उभं राहू शकतं, तशी सूचना आधी द्यायची. व्हिडिओ कॉल म्हणजे उपस्थिती नव्हे.

वही

नोंद हा या सेवेचा भक्कम भाग. बाळाचं नाव, सेवक, आईवडील, पादीन-मादीन, बाप्तिस्म्याची आणि जन्माची तारीख, ठिकाण, सगळं वहीत जातं. पुढे दृढीकरण, लग्न यांच्या नोंदी त्याच पानाच्या समासात येतात. म्हणूनच लग्नाच्या वेळी नव्याने काढलेला, साधारण सहा महिन्यांच्या आतला दाखला मागतात. कपाटातला लॅमिनेट केलेला चालत नाही. नागरी नोंदणी सक्तीची होण्याआधीच्या गोव्यात या वह्याच जन्माचा पुरावा होत्या. आता तसं नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळा, आधार, मतदारयादी यांना जन्मदाखलाच लागतो. दोन्हींत नावाचं स्पेलिंग एकच ठेवा. फर्नांडिसच्या शेवटी 'एस' की 'झेड', आधी 'मारिया' आहे की नाही, हे सही करण्यापूर्वी उभ्या उभ्या वाचून घ्या.

इस्पितळात झालेल्या बाप्तिस्म्याची नोंद कुठे, यावर घोळ होतो. कॅनन 878 प्रमाणे ज्याने दिला त्याने त्या ठिकाणच्या विगारांना कळवायचं. म्हणजे इस्पितळ ज्या इगर्जीच्या हद्दीत आहे तिथे, तुमच्या गावच्या इगर्जीत नव्हे. दाखलाही पुढे तिथूनच निघेल. परिचारिकेने लिहिलेला तो कागद मूळ स्वरूपात द्या, फोटो स्वतःकडे ठेवा. एक विश्वासू साक्षीदारही पुराव्याला पुरतो. बाळ बरं होऊन घरी आलं की त्याला गावच्या इगर्जीत घेऊन जा. तिथे स्वागत, वाचन, क्रिझम, पांढरं वस्त्र, मेणबत्ती हे राहिलेलं होईल. फादरनी पाण्याचा तांब्या उचलला तर हातातला कागद आधी दाखवा.